बहिऱ्याच्या टेबलावरचा फोन

पोलाद कारखान्यातल्या मिलच्या गोंगाटात एका जुन्या कामगाराचे कान गेले, तेव्हा आमच्या हुशार ऑफिसनं त्याला हलकं काम दिलं: टेलिफोन उचलायचं! घंटी वाजली की पार पलीकडच्या मरोदा वस्तीतली कुत्री भुंकायची, हा मात्र निवांत तंबाखू मळायचा. मी टेबल बडवलं की हा रिसीव्हर उचलून त्यात ओरडायचा, "मले आयकू नाही येत, तुमीच या इकडं!"

वैताग नुसता!

एकदा मोठे साहेबच तणतणत आले. यानं त्यांचा हात धरून थेट मिलमध्ये नेलं. तिथं साहेब घसा फोडून ओरडले, कोणी वळूनही बघेना. यानं दोन बोटं हलवली आणि वरच्या क्रेनवाल्यानं क्रेन जागीच थांबवली.

"इथं सारेच बहिरे, साहेब. मले इथंच राहू द्या!"

साहेब काय म्हणाले, कोणालाच ऐकू आलं नाही. यानं ते 'हो' धरलं आणि हेल्मेट चढवलं.