लाइट घालवून घातलेला छापा

ती हकिगत सांगायला घेतली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. तेव्हा मी बिबवेवाडी भागात तपासाचं काम पाहत होतो. जानेवारीची थंडी, ठाण्यात सगळे स्वेटर घालून बसलेले, आणि एक बाई तणतणत आत आल्या. जवळच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचं पाळणाघर होतं.

"अहो साहेब, आमच्या खालच्या गाळ्यातून रोज पाणी वाहतं. आज एक पोर घसरून पडलं. हे पोलिसांचं काम नाही असं सांगणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी बसत नाही."

ठाणे अंमलदारांनी त्यांना महापालिकेचा रस्ता दाखवायला तोंड उघडलंच होतं. मी मध्ये पडलो. "पाणी कसलं आहे? सांडपाणी?"

"छे! स्वच्छ आहे. पण इतकं गार, की बोटं बधिर होतात."

मी ताडकन उठलो. असल्या थंडीत, शटर पाडलेल्या गाळ्यात रोज बर्फ कोणाला लागतो? त्याच आठवड्यात पुरवठा खात्यानं आम्हाला कळवलं होतं की या भागात घरगुती सिलिंडर वजनाला कमी भरतात. गॅस चोरून उतरवणारे रिकामा सिलिंडर बर्फात ठेवतात, कारण गार सिलिंडरमध्ये भरलेल्यातला गॅस झटपट उतरतो, हे मला जुन्या एका गुन्ह्यावरून ठाऊक होतं.

आता यात मिळतं काय, तर घरगुती सिलिंडर हॉटेलच्या सिलिंडरपेक्षा स्वस्त असतो. त्याचा भार सरकार उचलतं, म्हणजे तुम्हीआम्ही भरलेल्या करातून तो उचलला जातो. अनुदान द्यावं की नाही यावर कट्ट्यावर बसून हवा तेवढा वाद घाला. पण एकदा दिलं की ते ज्या घरासाठी दिलं त्याच घरात पोचलं पाहिजे. इथं प्रत्येक घराच्या सिलिंडरमधून थोडा थोडा गॅस काढून हॉटेलचे सिलिंडर भरले जात होते आणि मधला फरक कोणीतरी खिशात घालत होतं. शिवाय हा उद्योग चालू असताना बरोबर डोक्यावर पंधरा-वीस पोरं दुपारची झोपत होती. एक ठिणगी पडली असती तर?

ठाण्यातल्या एका हवालदारांना साध्या वेशात गल्लीत उभं केलं. बर्फाचा टेंपो स्वारगेटकडून येतो, हे त्यांनी शोधून काढलं. परतीच्या वाटेवर आम्ही टेंपोवाल्याला बाजूला घेतलं.

"केटरिंगवाले आहेत साहेब. लग्नाच्या ऑर्डरी असतात म्हणतात."

"पौषात कसली लग्नं रे?" मी खेकसलो.

हवालदार शांतपणे म्हणाले, "सर, आम्ही बौद्ध लोक पौष-बिष पाहत नाही. माझंच लग्न पौषातलं आहे." मग टेंपोवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "लग्न असेलही. पण त्या गाळ्यातून एक तरी पातेलं बाहेर निघताना पाहिलंस का?"

टेंपोवाला खाली बघायला लागला. "पातेलं नाही साहेब. सिलिंडर निघतात."

झालं! दुसऱ्याच दिवशी छापा ठरला. पण घालायचा कसा? एरवी आम्ही दार ठोठावतो, नाही उघडलं तर तोडतो. इथं लोखंडी शटर उचकटायला जावं तर तिथंच ठिणगी उडायची. आतल्यांना चाहूल लागली आणि त्यांची धावपळ झाली तर त्याहून वाईट. शटर त्यांनी आपणहून, बेसावधपणे उघडायला हवं होतं. विचार करता करता सुचलं आणि मी जागच्या जागी हसलो. लाइट गेली की आपला माणूस आधी काय करतो? आपलीच गेली की शेजाऱ्याचीही, हे बघायला बाहेर येतो!

वीज कार्यालयातल्या इंजिनिअरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "लाइट का गेली म्हणून लोक रोज ओरडतात. घालवा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

दुपारी अग्निशामक दलाची गाडी घंटा न वाजवता कोपऱ्यावर येऊन थांबली. मी पाळणाघराच्या बाईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत जाऊन त्या पोरांना म्हणाल्या, "चला, बागेत जायचंय. चपला हातात घ्या. बघू बरं, आवाज न करता जिना कोण उतरतं!" पोरं ओठांवर बोटं ठेवून एकामागून एक उतरली. सगळ्यांत धाकटं बाईंच्या खांद्यावर झोपलेलं होतं. ते गल्ली ओलांडून जाईपर्यंत मी शटरवरची नजर काढली नाही.

मग लाइट गेली. थोडा वेळ काहीच हालचाल नाही. मग शटर हातभर वर सरकलं, खालून एक माणूस वाकून बाहेर आला आणि समोर उभ्या असलेल्या हवालदारांना विचारता झाला, "तुमची पण गेली का हो?"

"सगळ्यांचीच गेली," हवालदार म्हणाले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

आत गॅसचा वास कोंडला होता. जवानांनी सिलिंडर एकेक करून मोकळ्यावर नेले. पंचनामा सुरू झाला. हे सिलिंडर पुरवतं कोण, ते मात्र हा पठ्ठ्या सांगेना. वर मलाच ऐकवतो, "साहेब, मी कोणाच्या घरात घुसलोय का? सरकारचा पैसा. कोणाच्या खिशातला नाही."

तेवढ्यात बातमी कळून पोरांच्या आया धावत आल्या. त्यांत एक सिटी बसवर कंडक्टर होत्या, तशाच गणवेशात. बागेतून आणलेलं आपलं पोर त्यांनी कडेवर घट्ट धरलं, आणि मग पदपथावर रांगेनं ठेवलेले सिलिंडर पाहिले. त्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"आमचा गॅस महिना संपायच्या आत संपायचा. मी सासूबाईंना बोलायचे, तुम्ही उधळता म्हणून. तो इथं येत होता का?"

त्यानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कडेवरच्या पोराकडे पाहिलं. मान खाली गेली.

"हो, ताई."

त्या दुपारी त्याच्याकडून निघालेला तो पहिला खरा शब्द. तासाभरात त्यानं सिलिंडर जिथून यायचे त्या गोदामाचा पत्ता दिला, आणि संध्याकाळी त्याचा भागीदारही आमच्या ताब्यात होता. पोलिसांच्या ताब्यातली कबुली कोर्टात टिकत नाही. गोदामात मिळालेला माल मात्र टिकला आणि शिक्षा झाली.

सरकारी पैसा खाणारा माणूस निर्धास्त असतो, कारण त्याला समोर कोणी दिसतच नाही. पुढं अशा प्रत्येक तपासात मी सगळ्यांत आधी एकच गोष्ट शोधू लागलो: ज्याच्या नजरेला नजर देणं या आरोपीला जमणार नाही, तो माणूस कोण?