चौदा फाईलींची नावं कोणी बदलली?

भूत-बीत मी मानत नाही. आजही नाही. पण जे झालं ते आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितेय.

कराडला एका छोट्या ऑफिसात मी वेबसाइट बनवायचे. आमचे सीनियर सलीमभाई, रहिमतपूरचे. एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहाची साइट मी केली, त्यात डेटाबेसचा पासवर्ड वगैरे असलेल्या फाईलींच्या नावाच्या शेवटी .inc असं एक्स्टेन्शन दिलं. सलीमभाईंनी ते पाहिलं.

"आवं ताई, शेवटी .php लावा. .inc आपला सर्व्हर चालवत न्हाई. कुणीबी पत्ता टाकला की आतला सगळा कोड उघडा दाखवतो, पासवर्डासकट."

ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, त्यांनाच सगळ्यांसमोर झापलं. "साइट चालतीय न्हवं? कोण बघाय येतंय तुमच्या फाईली!"

चूक माझी... आणि मी गप्प बसले!

पुढच्याच महिन्यात सलीमभाई हार्टअटॅकने गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी, सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. सांगलीतल्या कुठल्याशा दवाखान्यातल्या पेशंट बायकांची यादी अशीच साइटवरून फुटून व्हॉट्सॲपवर फिरत होती. "आपलं नीट आहे ना गं?"

मी ब्राउझरमध्ये पासवर्डाच्या फाईलचा पत्ता टाकला. फाईलच नाही! सर्व्हर उघडला — चौदाच्या चौदा फाईली .php झालेल्या. कोडमध्ये जिथे जिथे जुनं नाव होतं, तिथेही नवं. प्रत्येक फाईलीत वर एक ओळ: 'ताई, हे नाव बदलू नका.'

ऑफिसात मला ताई म्हणणारे सलीमभाई एकटेच.

बदल आदल्या दिवशीचा, रविवारी सकाळी अकराचा. लॉगिन माझं, ऑफिसच्याच इंटरनेटवरून. त्या वेळी मी कुंडलला मावसबहिणीच्या साखरपुड्यात होते. ऑफिसला कुलूप, चावी सरांकडे, सर महाबळेश्वरला. लॉगिनचा पासवर्ड माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

डॉक्टरीणबाई अजून फोनवरच होत्या, एवढ्यात सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मॅडम, आम्ही आधीच सगळं सेफ करून ठेवलंय."

माझं टाळकंच सरकलं. फोन हिसकावला. "मॅडम, हे आमच्या सलीमभाईंनी केलंय."

"अगं, त्यांना जाऊन चार महिने झाले!" सर ओरडले.

"व्हय. तरीबी त्यांनीच केलं. तुमी न्हाई, मी न्हाई."

त्याच आठवड्यात नोकरी सोडली. हे कसं घडलं ते सर्व्हर सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्यांना सांगता आलं नाही, मलाही येत नाही. संताप मात्र जात नाही — सरांवरचा कमी, माझ्यावरचा जास्त.