उभ्या ऱ्हा

माझा पाय एका जागी टिकत नाही. धुळ्याच्या वृद्धाश्रमात कामाला लागले तेव्हा पहिलं शिकवलं ते नेमकं माझ्या स्वभावाच्या उलट: माणूस चाकाच्या खुर्चीतून उठवताना घाई करायची नाही. आधी ब्रेक, मग कमरेला पट्टा, मग एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम उठायचं. हे मला तोंडपाठ होतं. जीव मात्र सदा पुढच्या खाटेकडे धावायचा.

आमच्या अक्का अमळनेरच्या निवृत्त शिक्षिका. माझी साक्रीकडची, 'आहे'ला 'शे' आणि 'आले'ला 'ऊनू' म्हणणारी बोली कानावर पडली की चष्म्यावरून बघायच्या आणि वाक्य दुरुस्त करायच्या. आश्रमात आल्यापासून दोनदा पडल्या होत्या. आणखी एकदा पडल्या तर खाटेला कठडे लावा, खाली उतरवूच नका, असं त्यांच्या मुलानं बजावलं होतं. रोज खिडकीपर्यंत चार पावलं चालणं अक्कांना जेवणापेक्षा मोठं. "एवढं सांभाळ," म्हणायच्या.

त्या सकाळी अक्कांना खुर्चीत बसवून आणलं, खुर्ची खाटेशी लावली, तोच पलीकडच्या आजींच्या हातून गरम चहा सांडला. पळता पळता मी घरच्यासारखी बोलून गेले, "अक्का, उभ्या ऱ्हा, ऊनू मी."

आमच्याकडे उभं राहा म्हणजे थांबा. अक्कांनी ते शाळेच्या मराठीत ऐकलं आणि उभ्या राहिल्या. ब्रेक मी लावलाच नव्हता. खुर्ची मागे सरकली. मी वळले तेव्हा अक्का फरशीवर होत्या.

हाड मोडलं नव्हतं. "पडले असं लिहू नकोस," त्या हळूच म्हणाल्या, "बसले म्हण." पण पडलेलं माणूस लपवायचं नसतं, आतला मार मागाहून कळतो. मी वहीत लिहिलं: पडल्या, ब्रेक लावला नव्हता, चूक माझी. मुलानं पहिला शब्द तेवढा वाचला.

संध्याकाळपर्यंत कठडे लागले. चालणं थांबलं तर पाय जातील, हे मी कार्यालयात दोनदा जाऊन सांगितलं. घरच्यांची इच्छा, म्हणाले. माझा नुसता संताप झाला, सगळ्यात जास्त स्वतःवरच.

आता निमित्त काढून काढून मी त्यांच्या खाटेशी जाते. काल त्यांनी पाणी मागितलं. मी घाईनं म्हणाले, "थांबा अक्का, आणते."

आमची बोली कधी तोंडी न घेतलेल्या अक्का कठड्याआडून, पडल्या पडल्या म्हणाल्या, "उभी शे माय. सावकाश ये."