सव्वा व्होल्टच्या आत

नदीकाठच्या पूरमापन कचेरीत ती चोवीस वर्षं होती. गावात तिला मोजणीबाई म्हणत. तिचं काम ऐकायला सोपं होतं. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की आकडे संगणकात भरायचे, गणिताचा प्रोग्राम चालू करायचा आणि खालच्या वस्तीजवळ पाणी किती चढेल ते साहेबांना सांगायचं. साडेसहा मीटरच्या वर आकडा आला की वस्ती हलवायची.

घोळ वेळेचा होता. धरणाचं पाणी गावापर्यंत यायला सहा तास लागत. वस्ती रिकामी करायला दीड तास. आणि कचेरीतला जुना संगणक उत्तर द्यायला पाच तास दहा मिनिटं घेई. पूर्वी निरोप आल्या आल्या लोकांना हलवत, पण तीन वेळा पाणी आलंच नाही. तेव्हापासून आकडा ऐकल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे.

मागच्या वर्षी आकडा आला तेव्हा पाणी पहिल्या गल्लीत शिरलं होतं. शिंप्याची सून शिलाई मशीन आणायला परत घरात गेली, ती बाहेर आलीच नाही. कचेरीचे पडदे तिनेच शिवले होते. त्या दिवसापासून मोजणीबाई खिडकीकडे पाठ करून बसू लागली. नवीन संगणकाची मागणी तिने तीनदा पाठवली. तिन्ही वेळा उत्तर एकच, विचाराधीन आहे.

तिची धाकटी नणंद संगणक दुरुस्त करी. हातात सदैव चिमटी असायची, म्हणून घरातले तिला चिमीच म्हणत. एका रविवारी तिने वहिनीचं गाऱ्हाणं ऐकलं आणि म्हणाली, "वहिनी, आहे त्याच प्रोसेसरला जरा पळवू की. कारखान्यातून तो तीन पूर्णांक चार गिगाहर्ट्झच्या गतीवर बांधून येतो. चार-सव्वाचारपर्यंत जाईल."

"आणि जळला तर?"

"जळण्याआधी तो स्वतःच बंद पडतो. भीती वेगळीच असते. जास्त पळवायचा तर जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. व्होल्टेज वाढलं की तापतो. कमी दिलं तर धापा टाकतो, चुकतो. दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच."

एवढंच म्हणे. मोजणीबाईला त्या आठवड्यात धड झोप लागली नाही. सरकारी यंत्राला हात लावायचा म्हणजे नोकरीवर निखारा. शेवटी तिने धीर करून साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"बाई, लेखी मागू नका. लेखी मागितलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

"आणि तोंडी?"

"तोंडी मला आजकाल जरा कमी ऐकू येतं."

उन्हाळ्यात, नदी हातभर असताना, दोघींनी सुट्टीच्या दिवशी कचेरी उघडली. चिमीने संगणकाचं झाकण काढलं. आत धुळीची गोधडी साचली होती. ती झाडली, प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा, पण आता वाळून कडक झालेला लेप खरवडून नवा लावला, मोठा पंखा बसवला. मग संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन ती गतीची एकेक पायरी चढू लागली. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक आठ. प्रत्येक पायरीला यंत्राला तासभर जड काम देऊन दोघी तापमानाचा आकडा बघत बसत. मोजणीबाई वहीत लिहून घेई. तिचं अक्षर त्या दिवशी तिलाच ओळखू येत नव्हतं.

चारला तापमान सत्तर अंशांच्या आत. सव्वाचारला चिमीने व्होल्टेज अगदी बेताचं ठेवलं, आणि पंचाहत्तर. तासभर सगळं सुरळीत.

"झालं," चिमी हात झटकत म्हणाली. "सव्वाचार, आणि थंडगार. तुझं काम चार तासांत."

"थांब. मागच्या वर्षीचं गणित घालून बघू. त्याचं उत्तर मला पाठ आहे."

ते उत्तर होतं सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी. शिंप्याच्या सुनेच्या दिवसाचं. यंत्राने चार तास निमूट काम केलं. ना अडखळलं, ना बंद पडलं. आणि पडद्यावर आकडा दाखवला, सहा पूर्णांक एकतीस.

मोजणीबाई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. सहा पूर्णांक एकतीस म्हणजे साडेसहाच्या खाली. म्हणजे तिने साहेबांना सांगितलं असतं, काही भीती नाही, लोकांना घरातच राहू द्या.

"चिमी, हे बंद का नाही पडलं?"

चिमीचाही चेहरा उतरला होता. "व्होल्टेज किंचित कमी पडलं असेल. कधी कधी असं होतं. यंत्र चालू राहतं आणि मधेच एखाद्या बेरजेत चुकतं. कुणाला कळत नाही."

"धूर आला असता तर बरं झालं असतं," मोजणीबाई म्हणाली.

दुसऱ्या सुट्टीला चिमीने व्होल्टेज चढवून बघितलं. एक पूर्णांक पस्तीस व्होल्टला सव्वाचारवर उत्तर बरोबर आलं, पण तापमान ब्याण्णववर गेलं. चिमी म्हणाली, हे चालवता येईल. मोजणीबाई नाही म्हणाली. अति तिथे माती, आणि इथे माती दुसऱ्याच्या घराची होणार होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं. गती चार, त्याच्या वर नाही. व्होल्टेज सव्वाच्या आत, पण उपाशी ठेवायचं नाही. तापमान पंच्याऐंशी झालं की काम थांबवायचं, मग समोर कोणीही उभं असो.

त्यानंतर दहा दिवस ती रोज मागच्या वर्षीचं गणित घालत राहिली. भर दुपारी, खिडक्या लावून, पत्रा तापलेला असताना. चार तास चोवीस मिनिटं. दहाही वेळा उत्तर सहा पूर्णांक चौऱ्याऐंशी आलं. अकराव्या दिवशीही तिचा विश्वास बसला नव्हता.

पावसाळा निम्मा सरला आणि एका सकाळी आठ वाजता धरणावरून निरोप आला. सगळे दरवाजे उघडले होते. तिने आकडे भरले, दोनदा तपासले, प्रोग्राम चालू केला. चार तास चोवीस मिनिटं.

दहापर्यंत तापमान एकाहत्तर होतं. मग बातमी पसरली आणि कचेरीत माणसं जमू लागली. वस्तीतले, दुकानदार, शिंपी स्वतः. दारात, टेबलाभोवती, संगणकाच्या मागे, जागा मिळेल तिथे ते उभे राहिले. पाऊस असून हवा नुसती कोंदलेली. शहात्तर. एकोणऐंशी. साडेअकराला त्र्याऐंशी.

तिने आयुष्यात साहेबांसमोर आवाज चढवला नव्हता. ती उठली आणि म्हणाली, "सगळे बाहेर व्हा. साहेब, तुम्हीसुद्धा."

"बाई, मी—"

"तुमच्या अंगाची ऊब त्याला बाधतेय. बाहेर व्हा."

शिंपी सगळ्यांत आधी निघाला. त्याच्यामागे बाकीचे. तिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, संगणकाचं झाकण उतरवलं, टेबलफॅन थेट आत रोखला. आकडा चौऱ्याऐंशीवर गेला आणि तिथेच रुतून बसला. थांबवलं तर सगळं पहिल्यापासून. नाही थांबवलं आणि एखादी बेरीज चुकली तर? तिने बंद करण्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि चौऱ्याऐंशीकडे बघत राहिली. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. मग त्र्याऐंशी झालं. मग ऐंशी. तेव्हा तिने बोट उचललं.

बारा चौतीसला उत्तर आलं. सात पूर्णांक शून्य दोन.

तिला ते तोंडातून काढवेना. तिने वरच्या पुलावर पाण्याची पट्टी वाचणाऱ्या मापकाला फोन लावला. प्रोग्राम वाटेतल्या पुलांचेही आकडे देतो, त्यात साडेबाराला तिथे पाच पूर्णांक चाळीस दाखवलं होतं.

"काका, पट्टीवर किती आहे? नीट बघून सांगा."

फोनमध्ये पाण्याचा आवाज येत होता. "पाच बेचाळीस," मापक म्हणाला. "आणि चढतंय गं पोरी."

ती बाहेर आली. व्हरांड्यात सगळे तिच्याकडेच बघत होते. "सात मीटर," ती म्हणाली. "निघा आता. काही घ्यायला परत जाऊ नका."

दोनच्या आत वस्ती रिकामी झाली. अडीचला पाणी पहिल्या गल्लीत आलं आणि संध्याकाळपर्यंत सहा पूर्णांक शहाण्णवला टेकलं. अकरा घरांच्या भिंती पडल्या. आत कोणी नव्हतं.

लोक तिला भेटायला आले, साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. ती मान डोलवत राहिली. पण रात्री डोळा लागला की तिला पडद्यावर सहा पूर्णांक एकतीस दिसे आणि ती दचकून उठे. आकडा खरंच बरोबर मोजला गेला होता की चुकून बरोबर निघाला होता, हा प्रश्न तिला काही सुचू देईना.

पाणी ओसरल्यावर एका रविवारी तिने चिमीला सोबत घेतलं. प्रोसेसर पुन्हा मूळ गतीवर आणला, धरणाचे त्या दिवसाचे आकडे घातले आणि दोघी समोर बसल्या. चिमी मधेच खुर्चीत पेंगली. मोजणीबाईने डोळ्याला डोळा लावला नाही. पाच तास दहा मिनिटांनी पडद्यावर सात पूर्णांक शून्य दोन उमटलं.

तिने चिमीला हलवून उठवलं आणि म्हणाली, "चल, मला भूक लागलीय."