मी खाल्लेले बेटवासी

मी फारसा बोलत नाही. बायकोची तीच तक्रार, ऑफिसात तीच, जुन्या मित्रांचीही तीच. त्याचा एक फायदा असा झाला की मी पाच जणांना खाल्लं हे आठ वर्षं कुणाला कळलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

बुकित बातोकच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून बॉम्ब शेल्टर होता. जाड भिंती, लोखंडी दार. इथे परदेशात पुष्कळ घरांत अशी खोली असते आणि तिच्यात रिकाम्या बॅगा, तांदळाचं पोतं, गणपतीचं मखर असं सगळं कोंबलेलं असतं. आमच्याकडे त्याच्या सर्वांत खालच्या फळीवर एक बेट होतं. मुलगी नऊ वर्षांची असताना तिनं ते जुन्या योगा मॅटवर वसवलं होतं. निळी मॅट म्हणजे समुद्र, मध्ये कागदाच्या लगद्याचा डोंगर, आणि रहिवासी म्हणजे भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. न फोडलेल्या. प्रत्येकीला पेनानं डोळे आणि तोंड. नाक कुणालाच नव्हतं, कारण तिथे वास येत नाही असं ती म्हणायची.

बेटाच्या चालीरीती ठरलेल्या होत्या. प्रश्न विचारायचा तर आधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. त्यामुळे चौकस मंडळी दिवसभर भोवळ येऊन पडलेली असत. राजा रोज नवा, जो सगळ्यांत उशिरा उठेल तो. तोवर बाकीच्यांनी सगळं ठरवून टाकलेलं असे. मंगळवार हा वारच नव्हता, कारण मंगळवारी हिची गणिताची ट्यूशन. आणि तीन दाण्यांची एक लांबट शेंग होती, ती आजी. बेटाच्या सगळ्या गोष्टी एकट्या आजीला पाठ. लिहून ठेवायची पद्धत नव्हती. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आजीला कानाशी धरायची, आणि जेवताना आम्हाला ती गोष्ट सांगायची. निम्मी मराठीत, निम्मी इथल्या शाळेच्या, 'लाह' लावलेल्या इंग्रजीत. दिवसभरात आमच्या घरात एवढंच काय ते बोलणं व्हायचं.

एका शनिवारी मी बॅग ठेवायला आत गेलो आणि सहज विचारलं, "इथला कारभार कोण बघतं?"

"नोबडी लाह, बाबा. ते आपापले राहतात."

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. हे वाक्य मला सोसवलं नाही.

रविवारी बुटांच्या खोक्यातून गव्हर्नरसाहेब किनाऱ्याला लागले. गव्हर्नर म्हणजे माझं ऑफिसचं स्टेपलर. त्यांनी लगेच सुधारणा हाती घेतल्या. सर्वांना पास, म्हणजे राहण्याचे परवाने दिले. तीन दाण्यांची आजी एकटी वरच्या पासवर, दोन दाणेवाले त्याखालच्या, आणि एकदाणी बिचारे कुणावर तरी अवलंबून. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "अरे, आपल्याच पासचं रिन्युअल लटकलंय, आणि तू शेंगांना पास वाटतोयस?"

मग मी मंगळवार सुरू केला.

"बाबा, दे डोन्ट वॉन्ट."

"त्यांच्याच भल्यासाठी आहे."

"त्यांना विचारलंस?"

"विचारायचं तर गिरकी घ्यावी लागेल. गव्हर्नरला ते शोभत नाही."

ती हसली होती, हे मला नक्की आठवतं. दुसऱ्या दिवशी बंडखोरांनी गव्हर्नरच्या पोटातल्या सगळ्या पिना काढून समुद्रात फेकल्या. निःशस्त्र गव्हर्नर ऑफिसात नुसतेच टकटक वाजत राहिले. तोवर सगळं मजेतच चाललं होतं.

मग तो मंगळवार आला. मुलगी ट्यूशनला, बायकोची मीटिंग हॉलमध्ये, म्हणून मी लॅपटॉप घेऊन शेल्टरमध्ये तांदळाच्या पोत्यावर बसलो. दार उघडं ठेवलं, नाहीतर आत नेटवर्क येत नाही. पुण्याची टीम काम का लांबलं ते सविस्तर सांगत होती. मी म्यूटवर होतो. हात रिकामा होता. भुईमुगाची शेंग हाताला लागली की मराठी माणूस तिचं काय करतो, ते मी वेगळं सांगायला नको.

कॉल संपला तेव्हा मांडीवर टरफलं होती. एकावर अर्धं तोंड, हसरं. मी मोजली. पाच जण. शेवटच्या टरफलाला तीन कप्पे होते.

खरं तर सांगून टाकायचं. फार तर रडली असती. पण मी टरफलं गोळा करून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या नळीत टाकली आणि लॅपटॉपवर हुकूम काढला: "बेटावरील पाच रहिवाशांची मुख्य भूमीवर प्रशिक्षणासाठी रवानगी करण्यात आली आहे." छापून खाली स्टेपलरचा ठसा उमटवला.

तिनं तो दोनदा वाचला. "आजीला ट्रेनिंग कशाला? शी नोज एव्हरीथिंग."

"वरून आदेश आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बुटांच्या खोक्यात चिठ्ठी होती. मोडक्या मराठीत. "आजी, तू कशी आहेस? पुढची गोष्ट काय?"

आता उत्तर देणं भाग होतं. आजीच्या वतीनं मी लिहिलं, "येथील हवामान उत्तम आहे. जेवण वेळेवर मिळते. प्रशिक्षण समाधानकारक चालू आहे." दुसरी चिठ्ठी आली: "पण गोष्ट?" मी तीन दिवस डोकं खाजवलं आणि एक गोष्ट रचली. एका खेकड्याला सुट्टी हवी असते, तो अर्ज करतो, अर्ज दोन ठिकाणी मंजूर होतो, खेकडा सुट्टीवर जातो. तिनं ती उभ्या उभ्या वाचली, घडी घातली आणि अभ्यासाला बसली. आणखी सहा-सात चिठ्ठ्या आल्या, एकीपेक्षा एक लहान. शेवटच्या चिठ्ठीत नुसतं "आजी?" एवढंच होतं. मी उत्तर दिलं की पावसाळी वातावरण आहे.

मग चिठ्ठ्या थांबल्या. जेवतानाच्या गोष्टीही थांबल्या. बेटावर बंड उरलं नाही, गिरक्या उरल्या नाहीत, मंगळवार मात्र राहिला. पुढे कधीतरी समोर पंख्याचं खोकं आलं आणि बेट दिसेनासं झालं. आमची जेवणं शांत झाली. शांतता मला आवडते असंच सगळ्यांना वाटतं.

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं, जवळच्याच चोआ चू कांगला. शेल्टर रिकामा करताना पंख्याचं खोकं हललं आणि मॅट दिसली. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती खाली बसून उरलेल्या रहिवाशांवरची धूळ फुंकत होती. मी उभा होतो, आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"त्यांना मी खाल्लं."

"कुणाला?"

"आजीला. आणि त्या चौघांना. कॉलवर होतो."

तिनं वरही पाहिलं नाही. "आय नो, बाबा. तांदळाच्या पोत्यामागे एक डोळा सापडला होता. त्याच संध्याकाळी."

"मग एवढ्या चिठ्ठ्या कशाला लिहिल्यास?"

"तू सांगशील म्हणून. प्रत्येक वेळी चान्स दिला तुला." ती एकेक शेंग टिश्यूत गुंडाळत होती. "अँड यू सेंट मी वेदर रिपोर्ट."

मला सॉरी म्हणायचं होतं. मी पंख्याचं खोकं दाराकडे सरकवलं. तिनं शेवटची शेंग गुंडाळून विचारलं, "कशी लागली? आजी."

काहीतरी बरं बोलावं असं वाटलं. पण आठ वर्षं नुसतं बरं वाटेल तेवढंच बोलत आलो होतो.

"खवट," मी म्हणालो. "तरी संपवली. सॉरी."

ती हसायला लागली. डोळे पुसत, भिंतीला टेकून हसली. मला हसावं की नाही कळेना, म्हणून मी पोतं उचललं.

शेंगांचं खोकं मी घेतो म्हटलं, तर नको म्हणाली. टॅक्सीत तिनं ते खिडकीच्या बाजूला, माझ्यापासून लांब ठेवलं. मी दोन्ही हात मांडीवर, तिला दिसतील असे ठेवून बसलो.