कातडी वाढवणारी आ-युन

आ-युनच्या हातांना कसलाच वास नसे. मासे पाळणाऱ्या घरात जन्मलेली बाई. पण पन्नाशी उलटली तरी तिने अत्तर लावलं नाही, केस रंगवले नाहीत, घरात लोणचं घातलं नाही. धाकटी बहीण म्हणायची, "हिच्याकडे जेवायचं म्हणजे दवाखान्यात जेवायचं." आ-युन नुसती हसायची. पेशींना बाहेरचं काही सोसत नाही, हे बहिणीला किती वेळा सांगणार?

संस्था तैवानमधल्या तैनान शहराच्या बाहेर, जुन्या उसाच्या शेतांत होती. तळमजल्यावर मोठी चाचणीशाळा. तिथे काँक्रीटचे खांब उभारायचे आणि यंत्राने ढकलून ढकलून मोडायचे. भूकंपात घर कसं पडेल, ते आधी इथे पाडून बघायचं. वरच्या मजल्यावर, एकामागे एक अशा दोन काचेच्या दारांआड, माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या. खालचे आणि वरचे प्रमुख एकच, प्रोफेसर ल्यांग. खांबाला तडा कुठे जाईल ते सांगणारं गणित त्यांनी संगणकावर मांडलं होतं. तेच गणित थोडं बदललं की काचेत वाढवलेली कातडी उचलताना कुठे फाटेल तेही सांगे. "ताण तो ताण," ते म्हणायचे. "त्याला काय कळतंय, समोर सिमेंट आहे का माणूस."

आ-युन इथे आली ती बाटल्या धुवायला. त्याआधी बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायची. गोंदाच्या वासाने डोकं दुखायचं म्हणून ते सोडलं. एका नववर्षाला सगळे आपापल्या गावी गेले. पेशींना तर रोज बघावं लागतं, एकाआड एक दिवस खाऊ घालावं लागतं. त्यांना सणवार नसतो. "मी घालते," आ-युन म्हणाली. तेव्हापासून दर नववर्षाला तीच घालत आली. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी घरचे सगळे टेबलाभोवती बसायचे आणि तिची वाट बघून जेवून घ्यायचे. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे कुणी विचारायचं आता सोडून दिलं होतं.

कामात ती काटेकोर होती. नवीन पोरं आली की पहिल्या दारापाशी त्यांचे हात हुंगायची. "काल पाव भाजलास ना? आज आत यायचं नाही. बिअर सांडवलीस अंगावर? उद्या ये." पोरं पाठीमागे तिला पोलीसकाकू म्हणत. तिला ते माहीत होतं.

खालच्या चाचणीशाळेत त्सेंग चिन-शुई होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. खांब जमिनीला आवळायचे, तडे दिसावेत म्हणून त्यांना चुना फासायचा, आणि यंत्र थांबलं की पुढे होऊन पेनाने प्रत्येक तड्यावर रेघ ओढायची. कॅमेरे आले तरी मिस्त्री पेन घेऊन जायचेच. कॅमेऱ्याला दिसतं, पण कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या सुट्टीत दोघांची गाठ पडायची.

"काय आ-युनताई, जमला का तुमचा तोफू?"

"जमतोय. तुमचा खांब पडला का?"

"पडला की! पडण्याचाच तर पगार मिळतो मला. तुम्ही आपल्या वाढवत बसा."

पेशींच्या मऊ थरांना मिस्त्री तोफू म्हणत, सोयाबीनचं पनीर. वीस वर्षं हाच विनोद. त्यात दोघांनाही काही बदलावंसं वाटलं नाही.

चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात, एका चाचणीत यंत्र थांबवलं गेलं. मिस्त्री पेन घेऊन खांबापाशी गेले. त्याच वेळी दाबाच्या तेलाची नळी फुटली. पलीकडच्या कोपऱ्यात कुणी लोखंड जोडत होतं. ठिणगी आणि तेलाचा फवारा एकमेकांना भेटले. विझवायला धावलेल्यांत आ-युन नव्हती. ती वर, दोन दारांआड, काही ऐकू न येणाऱ्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा जिन्यात काळा धूर होता आणि मिस्त्रींना नेलेलं होतं.

छाती, पोट, पाठ, दोन्ही हात. डॉक्टर म्हणाले, अंगावर लावायला त्यांची स्वतःचीच कातडी हवी, आणि ती आता अंगावर पुरेशी उरलेली नाही. प्रोफेसर ल्यांगनी धावपळ करून खास परवानगी मिळवली. काखेत एक तुकडा शाबूत राहिला होता. टपालाच्या तिकिटाएवढा. तो बर्फाच्या डब्यातून संस्थेत आला आणि आ-युनच्या हातात पडला.

आजवर तिच्याकडे आलेल्या कातडीला नाव नव्हतं. कुणाच्या शस्त्रक्रियेतून काढलेली, आकडा लिहिलेली. डब्यावरचं नाव तिने वाचलं, आणि चिमटा हातात घेण्याआधी थोडी उभी राहिली.

पेशी चांगल्या निघाल्या. पसरल्या, एकमेकींना चिकटल्या, थर धरू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फरसबंदीसारख्या दिसत. खाली ल्यांग आणि त्यांचे विद्यार्थी संगणकावर हिशेब मांडत होते: हाताएवढा थर उचलायचा तर चिमटे कुठे लावायचे, छातीच्या उंचवट्यावर तो कसा ताणेल. वर आ-युन पेशींना खाऊ घालत होती. पहिले काही आठवडे त्या खाऊत, म्हणजे पोषक पाण्यात, बुरशी मारणारं औषध असतं. शेवटच्या दिवसांत ते काढून टाकतात, कारण उघड्या जखमेला ते नको. त्या दिवसांत पेशींची राखण करायला फक्त खाऊ घालणाऱ्याचे हात असतात.

एव्हाना सातवा महिना लागला होता. या महिन्यात मेलेल्यांच्या लोकाचं दार उघडतं, असं मानतात, आणि ज्यांचं कुणी नाही असे मेलेले भुकेले फिरतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, भाऊमंडळी म्हणायचं, आणि पौर्णिमेला दाराबाहेर टेबल मांडून पोटभर वाढायचं. म्हणजे ते आपल्या माणसाकडे बघत नाहीत.

मिस्त्रींची बायको सु-च्यु दवाखान्याच्या बाकावर दिवस काढत होती. आ-युन तिला रोज भेटायची.

"आ-युन, पौर्णिमेला फाकाओ करशील? मी इथून हलू शकत नाही. सून करते, पण तिचा फुटत नाही."

फाकाओ म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गोड केक. वाफेत फुगून माथ्यावर फुटला की तो हसला म्हणायचं. हसला तर घराचं बरं होतं. न हसलेला देवापुढेही ठेवत नाहीत आणि भाऊमंडळींपुढेही.

"करते की, वहिनी."

"चांगला हसू दे."

एरवी आ-युन बाजारची बेकिंग पावडर घालून करायची. या वेळी तिला तेवढ्यावर सोडावंसं वाटलं नाही. आई करायची तसा करावा, असं मनात आलं. पीठ यीस्ट घालून रात्रभर आंबवलं. पहाटे वाफेवर ठेवला. झाकण काढलं तेव्हा माथा चार पाकळ्यांनी उमलला होता. इतका सुंदर हसलेला फाकाओ तिने आयुष्यात केला नव्हता. तिला रडू आलं. मग ती न्हाली, केस धुतले, नखं ब्रशने घासली, कपडे बदलले. फाकाओ शेजारणीच्या हाती मिस्त्रींच्या घरी धाडला आणि पेशींना खाऊ घालायला गेली. दारापाशी तिचे हात हुंगणारं कुणी नव्हतं. आत अंगरखा, टोपी, दुहेरी हातमोजे. सगळं रोजच्यासारखं.

आंबवलेलं पीठ आणि पाव यांत फरक नाही, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या सकाळी ते तिच्या डोक्यातच आलं नाही. फाकाओ हा तिच्या लेखी स्वयंपाक नव्हताच. ती प्रार्थना होती.

दुसऱ्या सकाळी तिने पेशींचं ऊबदार कपाट उघडलं. पहिली बशी धुरकट होती. दुसरीही. तिने एकेक काढून उजेडात धरली. कालपर्यंत खाऊ गुलाबी आणि नितळ होता. आज त्यात तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी तरंगत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदीवर बारीक गोल मणी पसरले होते. मण्यांना मणी फुटत होते.

तिने ल्यांगना बोलावलं.

"यीस्ट आहे," ती म्हणाली.

"हवेची गाळणी तपासा," ल्यांग विद्यार्थ्यांना म्हणाले. "नळ्या बघा. खाऊची बाटली कुणी उघडली होती?"

"सर, गाळणी नको बघायला. मी आहे."

"म्हणजे?"

"काल पहाटे फाकाओ केला. रात्रभर आंबवून."

ल्यांग तिच्याकडे बघत राहिले. "तू? पोरांचे हात हुंगतेस तू."

"हो."

"मग?"

आ-युनने हातातली बशी खाली ठेवली. ल्यांग ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "त्याच्या गोठवलेल्या पेशी आहेत ना थोड्या? त्या लाव. आजच."

"लावते. पण तितकेच आठवडे लागतील सर."

"माहितीये मला."

दुपारी ती दवाखान्यात गेली. सु-च्युने तिला बघून बाकावरची पिशवी बाजूला केली, बसायला जागा केली. आ-युन उभीच राहिली. उभ्यानेच सगळं सांगितलं. 'बहुतेक', 'कदाचित' असं काही वापरलं नाही.

सु-च्युने ऐकून घेतलं. काचेपलीकडे यंत्रं टिकटिकत होती. पट्ट्यांत गुंडाळलेला माणूस मिस्त्री आहे हे तिथल्या पाटीवरूनच कळायचं.

"मी सांगितलं म्हणून केलास?"

"नाही वहिनी. तुम्ही सांगितलं नसतं तरी केला असता."

"खरं?"

"खरं."

"हसला होता ना?"

"हो."

"हं," सु-च्यु म्हणाली. मग तिने पिशवी परत बाकावर ठेवली, मघाच्याच जागी.

आ-युन नवीन पेशी वाढवत राहिली. आता ती घरी स्वयंपाकच करेना. दुकानातला भात आणि उकडलेली भाजी खायची. आत जाण्याआधी एका विद्यार्थिनीला दारापाशी उभं करायची.

"हुंग."

"आ-युनताई, काही नाही हो. साबणाचासुद्धा वास नाही."

"परत हुंग."

पोरगी हुंगायची. रडवेली व्हायची.

सातवा महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना मिस्त्रींच्या रक्तात विष पसरलं. उघड्या अंगाला जंतू थोपवणारं काही नसतं. ते दुपारी गेले. आ-युनला बातमी कळली तेव्हा ती खाऊ बदलत होती. तिने उरलेल्या बशांचा खाऊ बदलला, कपाट बंद केलं, आणि मग खाली बसली.

सातव्या महिन्यात कुणी अंत्यविधी करत नाही. देह शीतगृहात ठेवला. आठव्या महिन्यातला दिवस निघाला.

ल्यांग वर आले. "आता थांबव हे."

"थोड्याच दिवसांत तयार होतील, सर."

"कशासाठी?"

आ-युनने पुढची बशी उजेडात धरली. या थरांवर ताणाची चाचणी घेता येईल, हे ल्यांगच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि खाली गेले.

थर तयार झाले. पहिल्यापेक्षा चांगले. कुठे भोक नाही, कुठे विरळ नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सु-च्यु संस्थेत आली. याआधी ती इथे कधी आली नव्हती. पहिल्या काचेच्या दारापाशी उभी राहिली. आ-युन बाहेर आली.

"सूनबाई सांगत होती, तू अजून वाढवतेस."

"हो."

"झाली?"

"झाली, वहिनी."

सु-च्युने हातातली छत्री एकदा उघडली, एकदा मिटली. "माणूस पुरा जायला पाहिजे. आईबापांनी दिला तसा. याला नुसत्या पट्ट्यांत कसं पाठवू? तिकडे त्याचे आईवडील बसलेत."

"मी विचारते सरांना."

"विचार. आणि मला वहिनी म्हणालीस ते चालेल. माफीचं मात्र बोलू नकोस. ते माझ्याकडे नाही. काम तेवढं कर."

ल्यांगनी ऐकलं. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. "डबा मी देतो," ते म्हणाले. "चिमटे मधून नको, कडांनी लावायचे. छातीपासून सुरुवात कर, खांद्याकडे जा. उलट गेलीस तर फाटेल." मग म्हणाले, "तुला माहितीच आहे म्हणा."

अंत्यगृहाच्या मागच्या खोलीत फार थंडी होती. तिथल्या माणसाने पट्ट्या सोडल्या आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. आ-युनने डबा उघडला. गुलाबी पाण्यात थर तरंगत होते, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढे पातळ. एक उचलून तिने छातीवर ठेवला, कडेने बोट फिरवलं. मग दुसरा, पहिल्याच्या काठाला काठ भिडवून. सु-च्यु पलीकडून बघत होती. तिसऱ्या थराच्या वेळी तिने न सांगता हात पुढे केला आणि एक टोक धरलं.

"चिकटेल?"

"नाही, वहिनी. खालचं सगळं मेलेलं आहे."

"आणि हे?"

"हे जिवंत आहे."

"अजून?"

"या थंडीत संध्याकाळपर्यंत राहील."

बाहेर भजनवाल्या बायकांनी घंटा वाजवायला घेतली होती. दहनाच्या भट्टीची वेळ दुपारची होती. हे दोघींना एकदमच उमगलं. सु-च्युच्या बोटांत थराचं टोक तसंच होतं.

"म्हणजे परत भाजणार," ती म्हणाली.

आ-युनला वाटलं, पेशींना दुखत नाही असं सांगावं. ते खरंही होतं. तिने थराची कड बोटाने सारखी केली.

सु-च्युने खाली पाहिलं. छातीचा निम्मा भाग झाकला गेला होता. निम्मा उघडा होता.

"लाव," ती म्हणाली. "अर्धं नको ठेवू."

आ-युनने पुढचा थर उचलला.