शेवटची आठ नावं

महानंदाची बोटं यंत्रावर धावू लागली की सूतगिरणीतल्या बाया तिच्या खिडकीशी थबकायच्या. एकोणऐंशी साली सोलापुरात असलं यंत्र पाहिलं होतं कुणी? चकती आत सरकवायची, नावं टाईप करायची. थोडी नावं यंत्र पोटात साठवायचं. पोट भरलं की तांबडा दिवा लुकलुकायचा आणि सगळी एकदम चकतीवर उतरायची.

खोड एकच. यादी बंद केली की पोटात उरलेली नावं उतरायचीच नाहीत. यंत्र बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "उतरतात." उतरत नव्हती. मागल्या खेपेला छातीचे फोटो काढणारी गाडी आली, तेव्हा पिंजण खात्यातली शेवटची आठ माणसं यादीतून गायब. त्यात तिचा बाप धोंडिराम, कापसाच्या धुळीनं वर्षभर खोकणारा. मॅनेजर शिवयोगी म्हणाले, "यंत्राच्या यादीत नाही, तो गिरणीत नाही." गाडी निघून गेली.

"ह्या बारीला तरी बापाला गिळू नगंस," गाडी पुन्हा यायची त्या दिवशी सकाळी धोंडिराम लेकीला म्हणाला.

"आबा, तुमाला पयलाच घालते."

"आन् शेवटी कोण? सिद्राम? त्योबी खोकतोय की!"

खरंच, शेवटी कुणीतरी असणारच. मग तिनं शब्द मोडून बापालाच शेवटी ठेवलं. दुपारी नावं संपली. धोंडिरामचं नाव यंत्राच्या पोटात गेलं, दिवा गप्प. पोट भरल्याशिवाय उतरत नाही ना? मग भर! तिनं कुर्डुवाडीची केसरबाई आत्या घातली. होटगीचे मामा घातले, आत्याच्या तिन्ही नणंदा घातल्या. नातलग संपले तशी चंद्री म्हैस घातली. दिवा लुकलुकला! महानंदा खुर्चीतच उडाली. जादा नावं खोडणार, तोच चकतीवरून छापून आलेला यादीचा कागद शिवयोगींनी ओढून नेला.

फाटकाशी कंपाउंडर नावं पुकारत होता. "धोंडिराम मारुती!" बाप गाडीत चढला, गार पत्र्याला छाती लावून उभा राहिला.

"श्वास धरा!" आतला फोटोवाला म्हणाला.

"केसरबाई आत्या, कुर्डुवाडी!" बाहेरून हाक आली. "चंद्री म्हैस!"

"ही कुठल्या खात्यात?" शिवयोगींनी गंभीरपणे विचारलं.

"रातपाळीला, साहेब!" म्हातारा सिद्राम ओरडला.

आत धोंडिराम गदगदून हसू लागला. फोटो हलला. दुसराही हलला.

"अहो, हसताय काय?"

"आदी म्हशीचा काडा की, मी मागनं येतो!"

"आबा, गप ऱ्हावा की वं!" महानंदा गाडीच्या दारातून किंचाळली, तिचेच डोळे हसून वाहत होते. तिनं तोंडावर हात दाबला. पाठीमागच्या रांगेनंही दाबला. गाडीतलं फोटोचं यंत्र खटकन वाजेपर्यंत अख्खी गिरणी श्वास धरून उभी राहिली.